नाशिकहून निघालं, खोबारला आलं

सौदी अरेबियातल्या खोबारच्या त्या इमारतीत शीला गायधनीला सगळे ‘शीला भाभी’ म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरचं घर, आणि त्याच घरात बावीस वर्षं. नवरा कमलाकर जुबैलच्या एका पेट्रोकेमिकल प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. पहाटे पाचला कंपनीची बस, संध्याकाळी सातला परत. मुलगी निधी, आईनं मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देत देत मोठी झाली आणि आता टोरांटोला असते. बाकी शीलाचं आयुष्य म्हणाल तर कुणाच्या बाळंतपणात डबा पोचव, कुणाचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, अडकला तर कुठं जायचं ते सांग, गणपतीत एकवीस मोदक एकही न फुटता उकडून दाखव, असंच गेलं. रॉकेटमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची हौसही नव्हती.

पण लग्न करून पडली ते घरच तसलं! सासरे, म्हणजे नाना, ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. तिथं मिग विमानं जोडायला रशियन लोक यायचे. त्यातल्या व्हिक्टर नावाच्या एका साहेबाशी नानांची गट्टी जमली. साहेबानं नानांना रशियन आकडे शिकवले, नानांनी साहेबाला तंबाखू मळायला शिकवली, आणि संध्याकाळी दोघं टाउनशिपच्या गच्चीवर उभे राहून आकाशात बघायचे. बघायचे काय, तर कॉसमॉस.

कॉसमॉस हे सोव्हिएत रॉकेटांचं एक घराणंच. मूळचं क्षेपणास्त्र, त्याला वरून आणखी एक मजला चढवला आणि उपग्रह न्यायला जुंपलं. आपला आर्यभट पंचाहत्तर साली असल्याच रॉकेटवर बसून वर गेला. एकदा उडालं की परत येणं नाही, दुसऱ्यांदा वापर नाही. खालचा भाग जमिनीवर पडतो. वरचा भाग उपग्रहाला त्याच्या जागी सोडतो आणि मग स्वतःही तिथंच फिरत राहतो, रिकामा. असे शेकड्यानं सांगाडे अजून वर आहेत. सूर्य मावळल्यावर तासाभरात, खाली अंधार आणि वर अजून ऊन असतं तेव्हा, त्यातला एखादा फिकट चांदणीसारखा चालत जाताना दिसतो.

“उपग्रहाचे फोटो छापून आले, टपालाची तिकिटं निघाली,” नाना म्हणायचे. “आणि ज्यानं वाहून नेलं त्याला कुणी विचारतं का? माल पोचवला आणि राहिला बिचारा तिथंच.”

हे बोलणं लहानपणापासून ऐकत कमलाकर वाढला. तो सौदीला आला तेव्हा बापलेकांना आपोआप एक खेळ सापडला. हा सांगाडा पृथ्वीला एक फेरी घालतो पावणेदोन तासांत. तेवढ्या वेळात खाली पृथ्वी फिरते, आणि फिरते ती नेमकी इतकी, की संध्याकाळी नाशिकवरून गेलेला सांगाडा पुढच्या फेरीत खोबार-जुबैलच्या बाजूनं जातो. म्हणून नाना इंदिरानगरच्या घराच्या अंगणातून बघायचे आणि निरोप धाडायचे: “निघालं,” आणि पुढं वेळ. पावणेदोन तासांनी (सौदीचं घड्याळ अडीच तास मागं, म्हणून तिथंही संध्याकाळच) कमलाकर प्लँटच्या गेटाशी बसला पाठ टेकून मान वर करायचा आणि उलट धाडायचा: “आलं.” बस्स. दोघंही पक्के घुमे. तब्येत कशी, जेवलास का, हे एकमेकांना विचारायची त्यांना लाज वाटायची. ज्या दिवशी ‘निघालं’ आलं त्या दिवशी नाना ठणठणीत, असा कमलाकरचा हिशेब होता.

वेळ घ्यायची नानांची रीतसुद्धा ऐकण्यासारखी. आधी दोन तारे ठरवायचे. सांगाडा त्या दोघांच्या मधून गेला की स्टॉपवॉचचं बटण दाबायचं. मग गणितानं काढलेल्या वेळेशी ताडून बघायचं. कधी एक सेकंद पुढं, कधी दोन मागं. बरोब्बर कधीच येत नाही. “माणसाचा हात आहे,” नाना म्हणायचे. “चुकला नाही तर मी म्हणेन, बघितलंच नाही.”

दोन वर्षांपूर्वी, सासूबाई गेल्यावर, शीलानं विषय काढला होता. “नानांना इकडे आणू या का? ऐंशीच्या पुढं वय, एकटे राहतात.”

“त्यांना काय धाड भरलीय?” कमलाकर म्हणाला. “तारे दिसतात त्या माणसाला अजून! माझ्या वयाच्या लोकांना फोनवरचं वाचता येत नाही. आणि वरच्या मजल्यावर संपदा आहे, स्वयंपाकाला सखूबाई आहे.”

संपदा म्हणजे नानांची भाडेकरू, शाळेत मास्तरीण, मोठी गुणी मुलगी. शीलानं विषय सोडून दिला. पुढं दोन वर्षं नानांचे निरोप येत राहिले. हल्ली बोटं थरथरतात म्हणून ते लिहायच्याऐवजी बोलून पाठवायचे, इतकाच फरक.

मग सखूबाईचेच गुडघे गेले आणि ती लेकीकडे निघून गेली. तेव्हा कुठं कमलाकरनं व्हिजिट व्हिसा काढला, आणि दसऱ्यानंतर नाना खोबारला आले.

आले खरे, पण रमेनात. सकाळी खुर्चीत बसवलं की दुपारी तिथंच. ताटात दोन घास टाकून उठायचे. पेपर समोर धरला तर “तूच वाच बाई, चष्मा जुना झालाय” म्हणायचे. शीला मनात म्हणायची, म्हातारा लाडावला. दर महिन्याला व्हिसासाठी पूल ओलांडून बहरीनला जाऊन यावं लागायचं. पहिल्या खेपेला गाडीत बसताना नानांनी विचारलं, “हा रस्ता नाशिकला जातो का?” कमलाकरला हसू आलं. शीलाला नाही आलं.

एका संध्याकाळी तिनं सरळच विचारलं, “नाना, गच्चीवर जाऊ या का? तुमचं ते दिसेल.”

“दिसेल गं. पण मी इथं आलो आणि तिकडची बाजू रिकामी पडली,” नाना म्हणाले. “नाशकाहून निघालंच नाही, तर इथं आलं म्हणण्यात काय राम?”

हे ऐकून शीलाच्या डोक्यात एक कल्पना आली आणि तिनं दुसऱ्याच दिवशी संपदाला फोन लावला. “आठवड्यातून तीन-चार दिवस, पाच मिनिटांचं काम आहे. अंगणात उभी राहा, वर बघ, आणि निरोप टाक. म्हातारा झुरून मरेल गं इथं.”

संपदा जरा घुटमळली. “ताई, अहो पण नाना...” म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, “बरं, पाठवते मी.”

आणि खरंच, काय सांगू, घराचा रंगच पालटला! तिकडून “निघालं, सहा त्रेपन्न वीस” असा निरोप आला, शीलानं तो मोठ्यानं वाचला, की नाना खुर्चीतून उठायचे. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान झाली की इमारतीचा राखणदार जाफर गच्चीची किल्ली आणून द्यायचा. लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंतच, पुढं बावीस पायऱ्या. नाना शीलाच्या खांद्यावर हात ठेवून चढायचे. वर पाण्याच्या टाक्या, एसीची यंत्रं, डिशच्या थाळ्या, आणि समोर शहराचे दिवे. त्यात ती फिकट चांदणी शोधायची म्हणजे डोळ्यांत तेल घालून बघावं लागायचं.

“दुर्बीण तू धर,” नाना म्हणायचे. “माझे हात थरथरतात. मी घड्याळ धरतो. दिसलं की ओरड.”

शीला कसली ओरडणारी! पण शिकली. कुठले दोन तारे घ्यायचे ते नाना सांगायचे, ती दुर्बीण रोखायची, आणि सांगाडा मधून सरकला की “आलं!” म्हणून किंचाळायची, की नानांचं बटण टक्. पहिल्यांदा तिला तो दिसला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. पन्नास वर्षांपूर्वी कुठल्यातरी रशियन कारखान्यात कुणी नानांसारख्याच फिटरनं तो जोडला असेल, असं तिच्या मनात आलं आणि तिनं ते बोलूनही दाखवलं.

“शाबास,” नाना म्हणाले. “कमलाकरच्या डोक्यात हे कधी आलं नाही.”

नाना जेवायला लागले. भाजीत मीठ कमी पडलं तर तक्रार करायला लागले, म्हणजे बघा! कमलाकर घरी आला की शीला त्याला वेळ सांगायची, तो बूट काढता काढता मान हलवायचा, आणि नाना तिकडं तोंड करून हसायचे. तीन महिने शीलाला वाटत होतं, आपण एक माणूस हातचा जाऊ दिला नाही. नाना नाशिकचं नाव काढत नव्हते. आपल्या बुद्धीचं तिला स्वतःलाच कौतुक वाटायचं.

फेब्रुवारीतली गोष्ट. संध्याकाळी सहा सत्तावीसला सांगाडा आला, गेला. नाना खूश होते. जिन्यातला दिवा त्या दिवशी गेलेला होता, आणि जाफर नवा आणायला खाली गेला होता. शीलाच्या हातात नानांची घडीची खुर्ची, दुर्बीण, शाल. रोज ती हे सगळं वर ठेवून आधी नानांना उतरवायची आणि मग परत सामानाला यायची. त्या दिवशी कुकर लावायचा राहिला होता. “तुम्ही या सावकाश कठडा धरून,” ती म्हणाली आणि चार पायऱ्या पुढं उतरली.

मागं आवाज आला. नाना सातव्या पायरीवरून खाली आले होते. ओरडलेसुद्धा नाहीत. फक्त “अगं, अगं” म्हणाले, जणू शीलाच पडली आहे.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड बसलं, पण छातीत कफ भरला. त्या वयात पाठीवर पडून राहिलेल्या माणसाला दुसरं काय होणार! कमलाकर रजा टाकून सकाळी बसायचा. दुपारी शीला.

पंधराव्या दिवशी दुपारी नाना जागे होते. नाकातली नळी बाजूला करून म्हणाले, “शीला, दार लोटलंय का?”

“लोटलंय. काय हवंय?”

“मला दिसत नाही गं.”

“चष्मा देऊ?”

“चष्म्याचं नाही ते. मधोमध काळा डाग आहे. कडेकडेचं दिसतं. तुझं तोंड बघायला गेलो की तोंडच नसतं. कान दिसतात. कानातल्या कुड्या दिसतात.”

शीला खुर्ची ओढून जवळ सरकली. “कधीपासून, नाना?”

“अडीच वर्षं होतील. नाशकातल्या डॉक्टरनं सांगितलं, पडदा झिजला, आता इलाज नाही.”

ती बोटं मोजत बसली नाही, पण तिच्या डोक्यात मोजणी झाली. अडीच वर्षं. म्हणजे सासूबाई गेल्या त्याच्याही आधीपासून. म्हणजे कमलाकर “तारे दिसतात त्यांना” म्हणाला त्याच्याही आधीपासून.

“मग ते ‘निघालं’?”

“संपदा वाचून दाखवायची. तिच्या फोनवर वेळ आधीच कळते ना. मी त्यात एक-दोन सेकंद इकडंतिकडं करायचो आणि बोलून पाठवायचो.” नाना हसले आणि त्या हसण्याची ढास लागली. शीलानं पाठ चोळली. “इथं आल्यावर बघतो, तर ही संपदा फोनवरचं जसंच्या तसं पाठवते! पहिल्याच महिन्यात कळलं मला. तू तिची वेळ वाचायचीस, मग मी तुला तुझ्या फोनवरची गणिताची वेळ विचारायचो. सलग अकरा निरोप, आणि एकातही सेकंदाची चूक नाही. अशी नजर व्हिक्टरसाहेबाची पण नव्हती. अगं, खोटं बोलायचं तर ते नीट बोलावं माणसानं.”

शीलाचे कान गरम झाले. “तुम्हाला ठाऊक होतं, तर मग वर का येत होता? बावीस पायऱ्या, नाना! दिसत नसताना?”

“तुला बरं वाटायचं ना,” नाना म्हणाले. “निधी गेल्यापासून दिवसभर एकटी असतेस. संध्याकाळी किती हौसेनं तयार व्हायचीस, शाल काय, खुर्ची काय. मला वाटलं, हिला तेवढीच सोबत. आणि तू ओरडायचीस ते ऐकायला मजा यायची.”

“मी तुमच्यासाठी जात होते हो,” शीला म्हणाली आणि तिला रडू फुटलं. इतकं रडली की शेजारच्या खाटेवरच्या सुदानी म्हाताऱ्याची मुलगी उठून पाण्याचा ग्लास घेऊन आली. देवा रे! ऐंशी ओलांडलेला आंधळा माणूस आपण संध्याकाळमागून संध्याकाळ जिन्यानं चढवला, आणि तो आपलं मन राखायला चढला. कुणाला सांगायचं हे?

नानांनी तिचा हात शोधला. सरळ हाताकडे न बघता, जरा बाजूला बघून शोधला. हे असं बाजूला बघणं तिनं चार महिने पाहिलं होतं आणि म्हातारपणाच्या खोडीत जमा केलं होतं.

“एक शब्द दे. कमलाकरला यातलं सांगायचं नाही.”

“का?”

“‘निघालं’ म्हटलं की तो निवांत व्हायचा. मी तेवढ्यासाठीच ते पाठवत राहिलो. डोळे गेले म्हणून कळवलं असतं तर नोकरी टाकून पळत आला असता. आता कळलं, की डोळे गेलेल्या बापाला दोन वर्षं एकटं ठेवलं आणि निरोप ऐकून खूश होत बसलो, तर तो आतून मोडेल. तुला माहीत आहे तो कसा आहे. बोलणार नाही आणि मोडेल.”

“नाही सांगणार,” शीला म्हणाली.

“शब्द?”

“शब्द.”

चार दिवसांनी सकाळी नाना गेले. कमलाकर तेव्हा खाली औषधं आणायला गेला होता.

इथं आपल्या माणसाला अग्नी देता येत नाही. न्यायचं तर नाशिकलाच. त्यासाठी दवाखान्याचा कागद, पोलिसांचा कागद, वकिलातीचा कागद, कफीलचं, म्हणजे जामीन राहिलेल्या मालकाचं, पत्र. एका कागदावर दुसऱ्याचा शिक्का, दुसऱ्यासाठी तिसऱ्याची रांग. नाना शवागारात आणि कमलाकर फाईल घेऊन दारोदार. “बुकरा, बुकरा,” म्हणायचा प्रत्येक जण, म्हणजे उद्या या. ओळखीची माणसं डबे आणून देत होती. डबे तसेच राहत होते.

पाचव्या दिवशी दुपारी शेवटचा शिक्का मिळाला. कमलाकर घरी आला, फाईल जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि शेजारच्या खुर्चीत बसला. परवा पहाटेचं विमान होतं. शीलानं समोर चहा ठेवला. त्यानं कपाला हात लावला नाही. इतके दिवस तो धावत होता, आता धावायचं संपलं होतं.

“कशाला नेत होतीस त्यांना वर?” तो म्हणाला.

शीलानं चहाचा कप त्याच्याकडे सरकवला.

“विचारतोय मी. कुणी सांगितलं होतं तुला? खुर्चीत बसले होते, बसू द्यायचं. खेळ मांडलास तू. निरोप काय, दुर्बीण काय! चौऱ्याऐंशीचा माणूस आहे, याचं भान नको?”

“अहो, त्यांना...” शीलाच्या तोंडाशी आलं. अगदी ओठांपर्यंत आलं. एक वाक्य होतं. ते बोललं असतं तर कमलाकरचा तोंडचा शब्द तोंडात राहिला असता, आणि दोन वर्षांपूर्वी कोण काय म्हणालं होतं तेही त्याला आठवलं असतं. तिनं ते गिळलं.

“डोळे धड होते त्यांचे,” कमलाकर म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “दोन वर्षं एक दिवस चुकवला नाही त्यांनी. रोज बघत होते. ज्याला आकाशातलं ते एवढंसं दिसतं त्याला पायरी दिसणार नाही? तूच घाई केली असशील.”

“केली,” शीला म्हणाली. “कुकर लावायचा होता. मी पुढं उतरले.”

त्यानं मान वर केली. तिनं असं चटकन कबूल करावं हे त्याला अपेक्षित नव्हतं. भांडण हवं होतं त्याला. भांडणही मिळालं नाही, तेव्हा त्यानं टेबलावर दोन्ही हात ठेवून त्यात तोंड घातलं आणि लहान मुलासारखा रडला. शीला त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. खांद्यावर हात ठेवावा की नाही हे तिला कळेना. पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच कळेना.

बऱ्याच वेळानं तो तसाच, मान खाली ठेवून बोलला.

“दिवसभर तूच असायचीस त्यांच्याजवळ. मी नव्हतो. तुला कळायला हवं होतं, शीला.”

तिच्या डोळ्यांसमोर नाना आले. पेपर परत देणारे, दुर्बीण तिच्या हातात ठेवणारे, तिच्याशी बोलताना जरासं बाजूला बघणारे.

“हो,” ती म्हणाली. “मला कळायला हवं होतं.”